दोन तारांचा पीळ

माझा राग नाकावर असतो, आणि नाक मुळातच जरा मोठं, त्यामुळे तो लांबूनही दिसतो. त्या दिवशी करंजीच्या फाट्यावर तर तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या ट्रकवाल्यांना दिसला असणार. काळ्या-पिवळ्या वडाप जीपचं टायर फुटलेलं, ड्रायव्हर ‘पाचच मिनिटं, ताई’ म्हणत जो गडप झाला तो झालाच, जुलैचं आभाळ खाली उतरलेलं, आणि मी लॅपटॉपची बॅग पोटाशी कवटाळून एका पायावर उभी. दुसऱ्या पायातली चप्पल चिखलाने ठेवून घेतली होती.

तेवढ्यात एक पांढरी पिकअप थांबली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. सावळं, हसरं, आणि दाढी ठेवायची की काढायची हे अजून न ठरवलेलं.

“कुठं जाऊन राह्यल्या?”

“मारेगावला.”

“मंग बसा ना. पाणी येऊन राह्यलं.” मग माझ्या पायाकडे लक्ष गेलं. “थांबा... थांबा जरा.”

तो उतरला, बाभळीची एक काडी मोडली आणि चिखलात खुपसून माझी चप्पल ओढून काढली. बरं, काढली ती काढली, प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतून स्वच्छ धुतली आणि माझ्या पायाशी नीट सरळ करून ठेवली. मला आभार मानायचे होते, पण रागाची घडी इतक्या लवकर मोडत नाही माझी. मी नुसतीच ‘हं’ म्हटलं आणि चढून बसले.

आत सरकीच्या ढेपीचा खमंग वास कोंदलेला होता. आणि स्टिअरिंगच्या खाली एक करड्या रंगाची पेटी होती, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी – ‘हात लावू नये.’ अक्षर माझंच! म्हणजे मी जी गाडी तपासायला पुण्याहून निघाले होते, त्याच गाडीत बसले होते. आणि हा माणूस म्हणजे फोनवरचा पियूष. ज्याला मी गेल्या आठवड्यातच बजावलं होतं की गाडीत प्रवासी घ्यायचे नाहीत.

आता खरं तर ओळख द्यायला हवी होती. पण मी यवतमाळची मुलगी. गंमत सोडेन तर शपथ! मी पुण्याची भाषा खिशात घातली आणि सरळ वऱ्हाडीत घुसले.

“गाडी नवीन दिसते तुमची?”

“माही नाही. पुण्याच्या कंपनीची हाय. चालवाची आपण, भाडं आपलं. फक्त गाडीच्या पोटात त्यायनं यंत्र बसवलं. ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, सारं तिकडं पुण्याले समजते.”

“बाप्पा! मंग आता तुमी थांबले, हेही समजलं असंन?”

“थांबलो एवढं समजलं असंन.” त्याने आरशातून हळूच माझ्याकडे पाहिलं. “कोणासाठी थांबलो, हे नाही समजत.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कपाशीची रोपं नुकती वितभर झाली होती. “अन् हे सारं पाह्यते कोण?”

“एक मॅडम हाय. लय कडक. फोनवर बोलते तं असं वाटते का आपण कोर्टात उभे हाओ. पन्नाशीच्या तं नक्कीच असतीन. आवाजातूनच चष्मा दिसते.”

मी हळूच चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

मारेगावच्या स्टँडसमोर त्याने गाडी उभी केली. पैसे घ्यायला तयारच नव्हता. मी उतरले, चष्मा लावला, आणि माझ्या ठेवणीतल्या फोनच्या आवाजात म्हटलं, “पियूषजी, प्रवासी घेऊ नयेत असं आपलं ठरलं होतं ना?”

त्याचा चेहरा! तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. तोंड उघडं, हात गिअरवर तसाच.

“मॅडम... तुमी?”

“हो. पन्नाशीची. उद्या सकाळी गाडी घेऊन या.”

एवढं बोलून मी तिथून निघाले ती पाठमोरी हसत. तो बिचारा अजून गाडी सुरू करायचं विसरून बसला होता.

* * *

कामाचं थोडक्यात सांगते, घाबरू नका. आजकालच्या गाडीला एकच डोकं नसतं. इंजिनाची एक पेटी, ब्रेकची एक, समोरच्या काट्यांची एक, दिव्यांची एक. या सगळ्या पेट्या एकमेकींना सारखे निरोप पाठवत असतात, आणि तेही तारांच्या एकाच जोडीवरून. एका वेळी एकीनेच बोलायचं. दोघी एकदम बोलायला गेल्या, तर जिचा मान मोठा ती बोलते, दुसरी थांबते. बोलणं वाढलं की थांबणंही वाढतं. आणि ब्रेकचा निरोप क्षणभर जरी ताटकळला, तरी भरलेली गाडी तेवढ्यात पुढे निघून जाते. तो उशीर कमी करणं हे माझं काम. कोणी कधी बोलायचं, कोणी उगाच तेच-तेच सांगत बसायचं नाही, हे मी ठरवून दिलं होतं. पुण्यात छान चाललं होतं. आता वणीची कोळशाची धूळ, इकडचे खड्डे आणि इकडचं ऊन सोसून चालतं का, ते पाहायचं होतं. दिवाळीपर्यंत चाचणी. जमलं तर कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांत माझी पद्धत जाणार होती.

हे सगळं मी पियूषला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे आमच्या घरासारखं. सारे एकदम बोलते, अन् आई बोलली का सारे चूप.”

“अगदी तसंच.”

“मंग आमच्या घरीही बसवून द्या ना तुमचं ते. माही बारी कधी येतच नाही.”

“एवढं काय बोलायचं असतं तुम्हाला?”

“हाय एक गोठ.” त्याने समोरचा रस्ता बघत म्हटलं. “पण मोठ्या मानाचं माणूस बाजूले बसलं असलं, का आपल्याले थांबाव लागते.”

असा होता तो. सरळ काही बोलायचा नाही, आणि आडून बोलायचं काही सोडायचा नाही.

मी यवतमाळला आई-बाबांकडे राहत होते आणि रोज मारेगावला जात होते. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आई शाळेतून. मुलगी चार वर्षांनी घरी आली म्हणून दोघं खूश. पण मुलगी घरात टिकेल तर ना! सकाळी डबा घेऊन निघायचं, पियूषच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि खताच्या गोण्या, ढेपीची पोती, कधी भाजीपाला घेऊन मारेगाव-वणी-पांढरकवडा असं दिवसभर आदळत फिरायचं. आदळत, असं मी म्हणतेय खरं. पण दुसऱ्याच दिवसापासून गाडी प्रत्येक खड्ड्याशी गोगलगाय व्हायला लागली.

“अहो, इतकं हळू काय चालवता? आदळायलाच हवी गाडी. चाचणी आहे ही!”

“गाडीले आदळतो ना मी एकटा असल्यावर. तुमाले कायले आदळू?”

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. आकड्यांतलं एक अक्षर कळत नव्हतं.

श्रावण आला. ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला. खिडकीची काच नीट बसत नव्हती, तर पाऊस आला की तो एका हाताने गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हाताने माझ्या बाजूच्या फटीत कापड कोंबायला वाकायचा. मी ओरडायचे, समोर बघा! तो समोर बघायचा. हात मात्र तिथेच. त्याच्या बाहीला ढेपीचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. मुगाच्या हिरव्या शेंगा तो माझ्यासाठी खिशात घेऊन यायचा, आणि द्यायच्या वेळी म्हणायचा, “आईनं देल्या.” एकदा त्याच्या घरी गेले तेव्हा मी विमलताईंना, म्हणजे त्याच्या आईला म्हटलं, “शेंगा फार गोड होत्या हं, काकू.” त्या बघतच राहिल्या. “कोणत्या शेंगा वं?”

पियूष तेव्हा गाडीखाली काहीतरी शोधत होता. बराच वेळ शोधत होता.

घरी आईच्याही लक्षात यायला लागलं होतं. “मिताली, रविवारी गाडी बंद असते ना गं?”

“हो.”

“मग आज रविवारी मारेगावला कशाला?”

“तारा तपासायच्या आहेत.”

“तपास बाई,” आई म्हणाली आणि डब्यात एक पोळी जास्त घातली. विचारलं काहीच नाही. आईचं हे न विचारणं विचारण्यापेक्षा वाईट असतं.

वणीच्या रेल्वे फाटकावर एकदा कोळशाची मालगाडी लागली. संपता संपेना. फाटक बंद, इंजिन बंद, समोरून काळे डबे जातायत खडाड खडाड. आम्ही दोघंच. त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. थांबवली. पुन्हा वाजवली.

“मॅडम...”

“हं?”

“नाही... म्हणजे... तुमी दिवाळीनंतर पुण्याले चालल्या जासान?”

“चाचणी संपली की जावं लागेल.”

“अन् मंग... मंग मी काय म्हणून राह्यलो होतो...”

मी श्वास रोखून बसले होते, खरंच सांगते. आणि फाटक उघडलं. मागच्या ट्रकवाल्यांनी जो काही हॉर्नचा गदारोळ केला, की बोलायचं राहिलं ते राहिलंच. मला त्या ट्रकवाल्यांना एकेकाला खाली उतरवून झापावंसं वाटलं. बोलला नाही तो. पण दिवाळीला वेळ होता अजून. रोज तीच गाडी, तोच रस्ता, तोच शेजार. आज नाही तर उद्या बोलेल, असं मी स्वतःला सांगत होते.

* * *

पोळ्याला मी घरीच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून अभिषेक सरांचा फोन आला. सर माझे वरिष्ठ. माणूस चांगला, पण आकड्यांपुढे आईबापालाही ओळखत नाही.

“मिताली, मारेगावच्या गाडीत काय चाललंय? पोळ्यापासून ब्रेकचे निरोप इतके उशिरा पोचतायत की तुझी पद्धत लावण्याआधीही एवढा उशीर नव्हता.”

“शक्यच नाही, सर.”

“शक्य आहे की नाही ते मला आकडे सांगतात. हे बघ, शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर पद्धत रद्द, चाचणी बंद, गाडी परत.”

गाडी परत. मी फोन ठेवला आणि आधी मला माझी पद्धत आठवायला हवी होती. चार वर्षं घातली होती मी तिच्यात. पण आठवलं ते रेल्वे फाटक. मग स्वतःचाच इतका राग आला, की त्या रागातच बस पकडून मारेगाव आणि तिथून रिक्षाने त्याचं गाव गाठलं.

पियूष अंगणात गाडी पुसत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि माझा बघून उतरला. मी काही न बोलता गाडीखाली शिरले. फार शोधावं लागलंच नाही. ज्या दोन तारांवरून सगळ्या पेट्या बोलतात, त्या आम्ही मुद्दाम एकमेकींभोवती पीळ घालून बसवतो. पीळ असला की बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते, आणि ऐकणारी पेटी ती वजा करून टाकते. त्या दोन्ही तारांचा पीळ कोणीतरी सोडला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी निगुतीने. सुट्या तारा सरळ करून लाल दोऱ्याने जागोजागी बांधल्या होत्या, आणि त्यांना चिकटून लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक माळ नेली होती. माळेला बेगडाचा सोनेरी तुकडा अजून लटकत होता.

झालं! माळ लुकलुकली की तारांत खरखर, खरखर झाली की निरोप फाटणार, फाटलेला निरोप पुन्हा पाठवायचा, पुन्हा फाटणार, आणि बाकीचे सगळे रांगेत ताटकळणार. त्यात ब्रेकचाही.

मी बाहेर आले. “हे कोणी केलं?”

पियूषने वाकून पाहिलं. मग एकदा मागे ओसरीकडे पाहिलं. त्याचे बाबा, पुंडलिकराव, तिथे खाली बसून अंबाडीचा दोर वळत होते.

“म्या केलं,” तो म्हणाला.

“तुम्ही?”

“हो. लाईट लावाची होती.”

आणि माझी पुण्याची भाषा गेली ती गेलीच.

“काहून? काहून लावाची होती? लाख वेळा सांगतलं होतं, तारेले हात नाही लावाचा! मी रोज तुमच्या बाजूले बसून सांगून राह्यली, पेटी काय बोलते, तार काय करते, अन् तुमी सारं ऐकून... सारं समजून...” माझा आवाज फाटला. “माहं चार वर्षांचं काम गेलं पाण्यात. शनिवारी गाडी घेऊन जाऊन राह्यले ते. समजलं? गाडी चालली!”

तो मान खाली घालून उभा. उलट बोलला असता तर बरं झालं असतं. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला अजून राग येतो.

“आली का पोरी?” पुंडलिकराव दोर खांद्यावर टाकून ओसरीवरून उतरले. कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, माझा आरडाओरडा बहुधा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. “तू पोळ्याले याले पाह्यजे होती वं. तुह्या गाडीचा लय मान केला म्या. यानं सांगतलं नाही?”

“बाबा, तुमी बसा ना तिकडं,” पियूष घाईने म्हणाला.

“अरे, सांगू दे. आदल्या दिवशी आवतण देलं गाडीले. चाकाले हळद-लोणी लावलं अन् म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. झूल टाकली, घुंगरं बांधले, शहरातून लाईट आणली. तोरणाखाली उभी केली तं सारं गाव पाहाले आलं! अन् हो, तुह्या गाडीच्या दोन तारा लय गुतल्या होत्या खाली. पार पीळ पडला होता. हा फटफटीनं गेलता वणीले, म्हटलं आपणच करून टाकाव. बसलो अन् उकलून सरळ सुदऱ्या करून देल्या. अर्धा दिवस गेला, पण काम पक्कं केलं.”

मी पियूषकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

विमलताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “बैल इकून दोन वर्सं झाले, माय. दोन पोळे हे घरातून बाहेर नाही निघाले. दार लावून बसत. अवंदा गाडी सजवून तोरणाले गेले तं मलेच रडू आलं.”

बुडालेल्या कापसाने त्या दोन वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या किती गोठ्यांतले खुंटे रिकामे केले, ते मी पेपरात वाचत आले होते. या घरातलाही खुंटा रिकामाच होता, आणि मी इतके दिवस त्याच्याशेजारी गाडी लावून चहा पीत होते. लाज वाटली. राग कुठे गेला, कळलंच नाही.

“काका,” मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “लय सुंदर सजवली असंन गाडी. पण एक काम कराल? त्या तारांना पुन्हा पीळ घालून द्याल?”

“तारेले पीळ?” ते चक्रावले. “दोराले पीळ लागते, पोरी. तारेले कायले?”

“या दोन तारांना लागतो. सुटल्या तर त्यांना एकमेकींचं ऐकू येत नाही नीट.”

“असं हाय काय?” त्यांनी क्षणभर विचार केला. “मंग पहिलेच सांगाले पाह्यजे होतं ना बाप्पा!”

मी तारा सोडवून दिल्या. पुंडलिकराव मांडी ठोकून बसले, पियूषने एक टोक धरलं आणि त्या म्हाताऱ्या हातांनी वळायला सुरुवात केली. अंबाडीचा दोर वळावा तसा, एकसारखा पीळ. तारा जागेवर बसवल्या, गाडी सुरू केली, दिव्यांची माळ मुद्दाम चालूच ठेवली. लॅपटॉपवर बघते, तर ब्रेकचा निरोप पुन्हा वेळेवर! मी आनंदाने ओरडलेच. पुंडलिकरावांना काय झालं ते कळलं नाही, पण तेही हसले.

पियूष गाडीच्या पलीकडे उभा होता. मी तिकडे गेले. “खोटं का बोललात?”

“बाबांचं तोंड पाह्यलं मॅडम तुमी?” तो इतकंच म्हणाला. मग हातातलं फडकं पिळत, “पण खोटं बोललो तुमच्याशी, हे लय लागून राह्यलं मले.”

आता सरांना काय सांगायचं? उंदरांनी तारा सोडल्या म्हटलं असतं तर कोणी पुण्याहून बघायला येणार नव्हतं. गाडी राहिली असती. दिवाळीपर्यंतचे सगळे दिवस राहिले असते. कबूल करते, माझ्या मनात ते आलं. फोन हातात घेऊन मी बराच वेळ नुसती उभी होते.

“खरं सांगून द्या,” पियूष म्हणाला. माझ्या मनातलं त्याला कसं कळलं कोण जाणे. “ब्रेकचा मामला हाय. उद्या दुसऱ्या गावात कोणाचे तरी बाबा हेच करतीन. तठी तुमी थोडी बसल्या राहणार लॅपटॉप घेऊन?”

“खरं सांगितलं तर गाडी जाईल.”

“माहीत हाय मले.”

मी खरं सांगितलं. अभिषेक सर ऐकत राहिले. मग खूश झाले. खूप खूश. आता प्रत्येक गाडीत त्या तारांवर कडक नळी घालायची, म्हणजे कोणालाही पीळ सोडता येणार नाही, असं फोनवरच ठरवून टाकलं. माझी पद्धत वाचली. “पण अट म्हणजे अट, मिताली. तारांना हात लागला, गाडी त्यांच्याकडे ठेवता येणार नाही. शनिवारी माणूस येईल. पुढची चाचणी जालन्याला. तूही सोमवारी तिकडे निघ.”

* * *

शनिवारी भुरभुर पाऊस होता. कंपनीचा ड्रायव्हर आला, किल्ली घेतली, गाडी वळवली. पुंडलिकरावांनी बोनेटवर एकदा हात फिरवला. “पोरी, माह्यामुळं गेली का वं?”

“नाही काका. तुमच्यामुळे आमच्या सगळ्या गाड्या जास्त चांगल्या होणार आहेत.” यातलं दुसरं वाक्य तरी अगदी खरं होतं.

गाडी गेली. पियूष मला मोटारसायकलवर मारेगावच्या स्टँडवर सोडायला आला. पावसाने त्याची पाठ भिजत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. स्टँडवर यवतमाळची बस लागायची होती. आम्ही शेडखाली उभे. तो मोटारसायकलच्या किल्लीशी खेळत होता.

“आता काय... तुमी कायले येसान इकडं,” तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत. “गाडी तं गेली.”

बस आली. लोक धावले. मी जागची हलले नाही. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले, आणि मी बोलेन म्हणून तो. मग दोघंही एकदम बोलायला गेलो.

“मी काय म्हणत—”

“मले एक—”

आणि दोघंही थांबलो. “बोला ना,” मी म्हटलं. “नाही, तुमी पहिले,” तो म्हणाला.

अरे देवा! माझ्या नाकावरचा राग आला धावून, आणि बरं झालं आला.

“तुला काय वाटतं, मी गाडीसाठी येत होते? रविवारी गाडी बंद असते! मी रविवारी तारा तपासायला येत होते? मले गाडी नाही पाह्यजे, पियूष. मले तू पाह्यजे. झालं सांगून. आता हसायचं असेल तर हस.”

तो हसला नाही. किल्ली त्याच्या हातातून खाली पडली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि पाऊस तर शेडखाली येत नव्हता.

“म्या खोटं बोललो तुमच्याशी... तरी?”

“पुन्हा बोललास तर बघ.”

“नाही बोलणार.” मग अगदी हळू, “मिताली... मले तं त्या चपलेपासूनच...”

“मग सांगायचं होतंस ना, बावळटा! इतके दिवस?”

कंडक्टरने घंटी मारली. “चला यवतमाळ, यवतमाळ!” मी डोळे पुसत बसमध्ये चढले. खिडकीची जागा मिळाली. बाहेर बघते तर तो नाहीच! मोटारसायकल तिथेच, चहावाल्याला किल्ली देऊन काहीतरी सांगतोय. आणि बस हलता हलता पठ्ठ्याने दांडी धरून आत उडी मारली. ओला शर्ट, पायात शेतातल्या चपला, केस विस्कटलेले. येऊन माझ्या शेजारी बसला.

“अरे, कुठे?”

“तुह्या घरी. आई-बाबांले भेटाले.”

“आत्ता? असा? कपडे तरी बघ स्वतःचे! उद्या ये ना नीट, काका-काकूंना घेऊन.”

“उद्याही येईन त्यायले घेऊन. पण आज मी बोलतो. आज थांबलो, तं मंग राहूनच जाते.”

मी कपाळावर हात मारला. आई दार उघडेल, याला असा बघेल, आणि काहीच विचारणार नाही... माझं हसू आवरेना. त्याने माझा हात धरला, भर बसमध्ये, सगळ्यांसमोर. मी सोडवून घेतला नाही.

कंडक्टर येऊन उभा राहिला. “कुठं?”

पियूषने भिजल्या खिशातून नोट काढली.

“दोन यवतमाळ,” तो म्हणाला.